बिघाडाचा बाप

रविवारी सकाळी खोपोलीच्या शिळफाट्यावर पितळी घंटा वाजायला लागली की नवा माणूस दचकायचा. देवळाची म्हणावी तर त्या अंगाला देऊळ नाही, शाळेची म्हणावी तर रविवार. एकदा एक ट्रकवाला आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आला होता. आम्ही मात्र पांघरुणातूनच ओळखायचो. दाऊदचाचांचं कुंड पुन्हा बिघडलं.

ती घंटा भंगारात निघालेल्या एका बोटीवरची. चाचांनी ती आणून ओट्याच्या खांबाला टांगली होती. मी त्या काळी गिरणीत टाइमकीपर होतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपायच्या आणि रविवारी उन्हं वर येईस्तोवर लोळायचं, एवढीच माझी चैन. तीसुद्धा शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपावी ना! मी चाचांच्या नावानं खडे फोडत उठायचो, लेंगा चढवायचो आणि जायचो. न जाऊन सांगतो कुणाला? मी गेलो नाही तर माझी आई जायची, आणि परत आल्यावर दिवसभर मला ऐकवायची.

ओट्यावर चाचा उभेच असायचे. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, डोक्याला रुमाल, हातात हा एवढा पाना, आणि चेहऱ्यावर घरात बारसं असल्यासारखा आनंद.

"ये येशवंता. बोट अजून बुडाली नाय. पन आपुन उशीर केला तर बुडंल."

आता हे कुंड म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाचांचं घराणं मूळ किनाऱ्याकडचं. वडिलांनी खोपोलीत येऊन सुक्या मासळीचं दुकान काढलं, पण चाचांचा जीव दुकानात रमला नाही. ते बोटीवर गेले. मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत भट्टीत कोळसा टाकण्यात त्यांची उमर गेली. एकदा जपानच्या कुठल्याशा बंदरात ते तापानं फणफणले, आणि बोट त्यांना तिथंच ठेवून पुढं गेली. ज्या म्हाताऱ्याच्या घरी ते राहिले, तो त्यांना रोज संध्याकाळी लाकडी पिंपात गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसवायचा. चाचा बाहेर आले की त्याच पाण्यात म्हातारा, मग त्याचा भाऊ, मग शेजारीपाजारी. अंग बाहेर धुऊन यायचं, पाण्यात फक्त बसायचं आणि गप्पा हाणायच्या. पाहुणा मात्र पहिला. चाचांचा ताप उतरला, पण हे वेड डोक्यात राहिलं ते राहिलंच.

बोट सोडून ते कायमचे घरी आले, तेव्हा घरात कुणी उरलं नव्हतं. चाची आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मुलगा इक्बाल मुंबईत माझगावला नोकरीला, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. घरात चाचा, एक मांजर आणि ती घंटा. दुसरा एखादा तसबीहची माळ ओढत बसला असता. चाचा नमाज चुकवायचे नाहीत, पण उरलेल्या वेळाचं काय करायचं? त्यांनी कुंड करायला घेतलं.

रसायनीच्या बाजूला कुठल्याशा कारखान्याचं जुनं सामान विकायला निघालं होतं. त्यात सागवानी फळ्यांचं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं एक अजस्र पिंप होतं. ते आमच्या बाळारामनं आपल्या टेंपोतून आणलं. पिंप दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, त्यामुळं फाट्यावर गाड्या तुंबल्या आणि बाळारामला दोन्हीकडच्या ड्रायव्हरांनी आईबहिणीवरून विचारपूस केली. चाचांनी ते परसात फणसाखाली बसवलं. शेजारी डांबराच्या पिंपाची चूल, तिच्या पोटात वेटोळ्याची नळी. खालच्या नळीनं गार पाणी चुलीत जायचं, तापून वरच्या नळीनं कुंडात परत यायचं. पंप नाही, वीज नाही. जळण म्हणून भाताच्या गिरणीतला तूस, तो तर फुकटच मिळायचा.

"पानी आपल्या पायानं जातं नि आपल्या पायानं येतं," चाचा ऐटीत सांगायचे.

पहिल्या दिवशी चाचा स्वतः उतरले. अर्ध्या तासानं बाहेर आले ते गळ्यापासून टाचेपर्यंत पिवळेजर्द. त्या पिंपात पूर्वी कारखान्याचा रंग असायचा, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. परसापलीकडं राहणारे दामलेमास्तर कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, "दाऊद, हळद लागली वाटतं. मुलगी कुठली?" तो पिवळा रंग चाचांच्या अंगावरून जायला पुढची अमावास्या यावी लागली. त्या रंगातच ते नमाजाला जायचे, बाजारात जायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "ट्रायल घेतली."

रंग गेला, फळ्या पाणी पिऊन फुगल्या, गळती थांबली, आणि मग पहिला पाहुणा बोलवायची वेळ आली. चाचा आमच्या दारात आले आणि माझ्या आईला म्हणाले, "बाय, चल. पावना पैला."

आई हातातलं सूप धरून तशीच उभी राहिली. तिचं माहेर कोंडाणे गावाच्या अंगाचं. तिच्या लहानपणी आमच्या माणसांनी विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं आणि ह्यांनी ओंजळीत घ्यायचं. पुढं बाबासाहेबांच्या मागं आमची वस्ती बौद्ध झाली, आम्ही खोपोलीत आलो, दारात नळ आला. तरी दुसऱ्याच्या घरच्या हंड्याला हात लावताना आईचा हात क्षणभर अडखळायचा. मला त्याचा राग यायचा. तिच्यावर नव्हे, ज्यांनी तो हात असा करून ठेवला त्यांच्यावर.

"आनि माज्या मागून त्या पान्यात कोन बसनार?" आईनं विचारलं.

"मी बसनार. मग ज्याला यायचं तो यील, नाय त्यानं घरी बसावं."

चाचांनी कुंडाभोवती गोणपाटाचा आडोसा केला आणि स्वतः पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. आई लुगड्यानिशी उतरली. माझी बायको तिच्या सोबतीला होती, ती सांगते, सासूबाई बराच वेळ नुसत्या पाण्यावर हात फिरवत होत्या. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा निवळला होता की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. तिनं चाचांना एवढंच विचारलं, "उद्या बी तापनार का?"

तेव्हापासून सकाळ बायकांची आणि संध्याकाळ पुरुषांची. शुक्रवारी पाणी बदलायचं आणि जुनं पाणी आमच्या वांग्यांना सोडायचं. दामलेमास्तर मात्र कुंपणापलीकडून व्याख्यान द्यायचे, की पाणी कसं वाहतं असावं, एकाचं अंगधुतं दुसऱ्यानं घेऊ नये. एका थंडीत त्यांची कंबर धरली. तीन गल्ल्यांतले लेप लावून झाले, पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाऊन यायचं ठरलं, पण एस. टी.त बसवेना. शेवटी एका संध्याकाळी स्वारी कमरेवर हात ठेवून आली. खांद्यावर लाल काठांचा पंचा, हातात स्वतःच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला तांब्या. काहीतरी पुटपुटत त्यांनी तो कुंडात ओतला आणि मग पाय टाकला.

चाचांनी विचारलं, "मास्तर, एका तांब्यानं एवढं पानी सुधारलं?"

"पाणी नाही रे," मास्तर गळ्यापर्यंत बुडत म्हणाले, "माझं मन."

मला मास्तरांचा राग होता, तो त्या दिवशी बराच उतरला. चहा मात्र ते स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातूनच प्यायचे. रोज ने-आण कोण करणार, म्हणून पुढं तो पेला चाचांच्या फळीवरच राहायला लागला.

आता बिघाडांचं सांगतो, कारण कुंड चालायचं कमी आणि बिघडायचं जास्त. चाचांचं एक शास्त्र होतं. "बिघाड दिसतो तिथं नसतो," ते पाना उगारून म्हणायचे. "बिघाडाला बाप असतो. आधी बाप शोदा." आणि मग आम्ही सगळे मिळून बाप शोधायचो. पाणी तापत नाही म्हणून एकदा सगळी चूल उकलली, धुरांडं काढून झोडपलं, बाळारामनं नळीवर हातोडा घातला, मास्तरांनी हवेच्या दाबाचा धडा पहिल्यापासून शिकवला. खालच्या नळीच्या तोंडाशी एक बेडूक बसला होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

एकदा कुंडाला फेस आला. तो वाढत वाढत काठावरून उतरला आणि मांजर घाबरून फणसावर गेलं. कुणीतरी साबण लावून पाण्यात उतरलं होतं. चाचांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून प्रत्येकाच्या डोक्याचा वास घेतला आणि बाळारामचा कान धरला. पाणी हिरवं व्हायला लागलं तेव्हा चाचांनी कुठूनशी विहिरीत टाकायची पावडर आणली आणि अंदाजानं टाकली. बोटीवरच्या माणसाचा अंदाज तो, दर्याच्या हिशेबाचा. पाणी काचेसारखं झालं, पण आईचं हिरवं लुगडं कमरेपासून खाली पांढरं होऊन बाहेर आलं. आई आठवडाभर चाचांशी बोलली नाही. चाचांनी नवं लुगडं आणून दिलं, तेही हिरवंच, आणि म्हणाले, "बाय, हे घालून गुरवारपतुर उतरू नको. मी अजून बाप शोदतोय."

पण सगळ्यांत हट्टी बिघाड एकच होता. खालच्या नळीचा नट ढिला व्हायचा आणि पाणी ठिबकायचं. वायसर बदला, सुतळी गुंडाळा, सफेदा लावा, दोन-चार रविवार गेले की हा आपला पुन्हा ढिला. मग घंटा. मग आई, मी, मास्तर, बाळाराम, झालंच तर रस्त्यानं जाणारा कुणी उगाच थांबलेला. एक नट आवळायला पाच माणसं आणि अख्खी सकाळ. एकजण आवळणार, चौघे सांगणार. मधे चहा, बटर, गप्पा. उन्हं डोक्यावर आली की चाचा जाहीर करायचे, "बोट वाचली." आणि आम्ही घरी यायचो.

एका रविवारी मी रात्रपाळीहून सुटून परसाच्या वाटेनं घरी येत होतो. नुकतं फटफटलं होतं. चाचा कुंडापाशी उकिडवे बसले होते. हातात पाना. म्हटलं, आज घंटा न वाजवताच कामाला लागले, बरं झालं. पण त्यांचा हात उलट्या बाजूला फिरत होता. नट आवळत नव्हते, ढिला करत होते! पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा त्यांनी बोट लावून पाहिलं, मान डोलावली, आणि पाना पुसून खिळ्याला अडकवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे किती रविवार, किती साखरझोपा या नटाच्या पायी गेल्या होत्या! आज सोडायचंच नाही, म्हणून मी कुंपणापाशी गेलो. चाचा तोवर ओट्यावर पोचले होते. त्यांनी फळीवरचे कप काढले आणि एकेक करून मांडले. बाळारामचा मोठा, कारण त्याला कपभर चहा पुरत नाही. मास्तरांचा स्टीलचा पेला. आईचा कान तुटलेला कप, तो तिला हातात धरायला बरा वाटायचा. माझा निळ्या फुलांचा. प्रत्येक कप त्यांनी लुंगीच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुन्हा सरळ केला. चहाचं आधण ठेवलं. सगळी तयारी मनासारखी झाल्यावर त्यांनी डोक्याचा रुमाल नीट केला आणि मग घंटेची दोरी धरली.

बिघाडाचा बाप मला सापडला होता. कुंड नीट चाललं की माणसं यायची, न्हायची आणि ओल्या केसांनी घरी पळायची. बिघडलं तरच ती थांबायची.

मी गुपचूप मागच्या दारानं घरात शिरलो, आणि घंटा ऐकून आत्ताच उठल्यासारखा डोळे चोळत पुढच्या दारानं बाहेर पडलो. दुपारी आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "येवडं शिकून तुला आता कळलं व्हय? कालचा वायसर आज कसा झिजंल रं?" तिला पहिल्यापासून माहीत होतं. वर मला दम दिला, की कुणापाशी बोलायचं नाही.

पुढच्या थंडीत चाचा आजारी पडले. छातीत कफ झाला, खाटेवरून उठवेना. आम्ही आळीपाळीनं जात होतो, औषध देत होतो, आई भाताची पेज नेत होती. पण कामधंद्याची माणसं आम्ही, किती वेळ बसणार? कुंडाची चूल बाळाराम पेटवायचा. आणि गंमत बघा, त्या सबंध आजारपणात कुंड एकदाही बिघडलं नाही. बिघडवणार कोण? लोक यायचे, मुकाट्यानं न्हायचे, दारातून "चाचा, बरं हाय ना?" विचारायचे आणि जायचे. चाचा खाटेवरून ते ऐकत होते.

इक्बाल आला. पोरगा चांगला, बापावर जीव असलेला. तो म्हणाला, "अब्बा, इथं एकटं राहायचं नाही. माझगावला चला." त्यानं हे पूर्वीही म्हटलं होतं आणि दर वेळी चाचांनी त्याला पाना दाखवला होता. या वेळी ते लगेच हो म्हणाले.

मी भांडायलाच गेलो त्यांच्याशी. माझगावला तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून काय करणार म्हटलं. चाचा हसले.

"येशवंता, मी खाटेवर पडलो, तरी बोट चालली. माज्याशिवाय चालली. मग आता माजं हितं काय काम हाय रं?"

तुम्हीच नट ढिला करत होतात आणि आम्हाला ते माहीत आहे, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? मी नुसताच घरी आलो.

जायचा दिवस रविवारच होता. उजाडताना मी घरातला पाना घेतला, परसातून गेलो आणि खालच्या नळीचा नट दिला ढिला करून. म्हटलं, जाताना निदान ठिबकणं तरी ऐकतील. परतताना वाटेत आई भेटली. ती कुठं जात होती ते तिनं सांगितलं नाही, मी कुठून येत होतो ते तिनं विचारलं नाही.

थोड्या वेळानं रस्त्यावर टॅक्सी लागली. इक्बाल वळकटी आणि ट्रंक बाहेर काढत होता. चाचा ओट्यावर कोट-मफलर घालून बसले होते, परक्याच्या घरी बसतात तसे अंग चोरून. मांजर आमच्या हवाली केलं होतं. आणि एकदम घंटा वाजायला लागली. आई दोरी धरून उभी होती आणि अशी बडवत होती की फाट्यावरचे लोक धावत आले.

"बाय, आता कशाला?" चाचा म्हणाले. "घंटा वाजवनारा तर हितं बसलाय."

"कुंड बिगाडलंय," आई म्हणाली. "येऊन बगा."

चाचा उठले. परसात पोचतो तर चुलीच्या तोंडातून धुराचे लोट येत होते. कुंडाचं पाणी निम्म्यावर उतरलेलं, आणि ते भराभर खाली जात होतं. माझ्या नटानं एवढं होणं शक्यच नव्हतं. चाचांनी आकडा घेऊन धुरांड्यात घातला आणि ओढला. आतून काळवंडलेला पंचा आला. लाल काठांचा. तसा पंचा सगळ्या शिळफाट्यावर एकाच माणसाकडं होता, आणि तो माणूस फणसाची फळं मोजत वर बघत उभा होता. मग चाचांनी बाही वर करून कुंडाच्या बुडाशी हात घातला. भोकाला बूच नव्हतं. त्यांनी आईकडं पाहिलं. आईनं कमरेची पिशवी घट्ट धरली. शेवटी ते खालच्या नळीपाशी वाकले आणि नटाला हात लावला. मी पायानं माती उकरायला लागलो.

"अब्बा, राहू द्या, कुणीतरी करील," इक्बाल म्हणाला. "टॅक्सी थांबलीय."

एवढ्यात टॅक्सीवाला आला. मागच्या दोन्ही चाकांतली हवा गेली होती. बाळाराम आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज घेऊ लागला, भर थंडीत.

चाचा पार गोंधळले. "कुंडाचं समजलं," ते म्हणाले. "टॅक्सीला कुटली नळी हाय?"

चाचा एकेकाकडं बघत राहिले, मास्तरांकडं, आईकडं, बाळारामकडं, माझ्याकडं. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवायचं कशाला?

"चाचा," मी म्हटलं, "बाप शोधा बिघाडाचा."

"बाप नाय रं," ते म्हणाले, आणि मफलरनं नाक पुसलं. "हितं तर आख्खं खानदान हाय."

मग त्यांनी कोट काढून इक्बालच्या हातात दिला. त्याच्याकडं बघून काय वाटलं कुणास ठाऊक, कोट परत घेतला, खिळ्याला अडकवला आणि इक्बालच्या हातात पाना दिला. "उलटा नको फिरवू," ते म्हणाले. "उलटा फिरवायचं काम माजं."

आईनं पिशवीतून बूच काढून दिलं आणि सांगितलं, वाटेत सापडलं. आम्ही विहिरीपासून रांग लावून कुंड भरलं, तूस घातला, पाणी तापेपर्यंत दुपार टळली. पहिला इक्बाल उतरला, पाहुणा म्हणून. उतरला तो बाहेर यायला तयार होईना. बोटांना सुरकुत्या पडल्या तरी पाण्यातच. शेवटी डोकं वर काढून त्यानं माझ्या आईला विचारलं, "मावशी, हे रोज तापतं?"

बाळारामनं चाकांत हवा भरून दिली. संध्याकाळी टॅक्सी एकट्या इक्बालला घेऊन गेली. ट्रंक आणि वळकटी चाचांनी स्वतः आत नेली.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत घंटा वाजली. मी चाचांच्या नावानं खडे फोडत लेंगा शोधायला लागलो. आई पायरी उतरून केव्हाच पुढं गेली होती.